सायबर छळ

मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ किंवा चॅट ग्रुप यांतून एखाद्याला मुद्दाम आणि पुनःपुन्हा दुखावणे म्हणजे सायबर छळ. शालेय दादागिरीचे अभ्यासक डॅन ओल्वेउस यांनी तिची तीन लक्षणे सांगितली : दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत. ऑनलाइन छळात पुनरावृत्ती वेगळ्या तऱ्हेने होते. फोटो टाकणारा एकदाच टाकतो. तो क्लासच्या ग्रुपवरून शाळेच्या आणि तिथून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, आणि प्रत्येक फॉरवर्डसरशी छळ नव्याने घडतो. फेक अकाउंट, रंगरूपावरचे मीम, धमक्या, ठरवून ग्रुपमधून काढणे हेही याचेच प्रकार.

मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे दाटीने राहतात, तरी शेजारच्याच्या फोनमध्ये काय चालले आहे हे कुणाला कळत नाही. खुणा बाहेर दिसतात. फोन सतत पालथा ठेवला जातो. मेसेज वाजला की मुलगी दचकते, चाळीच्या गॅलरीत जाऊन वाचते आणि परत येऊन ताटावरून उठते. क्लासला दांड्या पडतात. कुणी नेहमीची लोकल सोडून पुढची पकडतो, कारण त्या डब्यात ग्रुपमधली मुले असतात. वयात येणारी मुले एरवीही एकांत शोधतात. म्हणून एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण अचानक पडलेला फरक दुर्लक्षूही नये.

कळल्याबरोबर फोन काढून घेणे ही घरच्यांची सर्वांत मोठी चूक. फोन जाईल या भीतीनेच कितीतरी मुले गप्प राहतात. “तूच काहीतरी केलं असशील” याऐवजी “सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण मिळून बघू” एवढे म्हटले तरी मूल पुढचे बोलू लागते. उलट उत्तर देऊ नये, मेसेज पुसू नयेत. आधी खात्याचे नाव, लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत; मग रिपोर्ट आणि ब्लॉक. अल्पवयीनाचे अश्लील छायाचित्र मात्र ‘पुरावा’ म्हणूनही नातेवाइकांना पाठवू नये : ते पसरवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७-बीखाली गुन्हा आहे.

‘सायबर छळ’ नावाचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात नाही. तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६-सी व ६६-डी, खाजगी अवयवांची चित्रे संमतीविना टिपण्या-पसरवण्याला त्याच अधिनियमाचे ६६-ई, स्त्रीच्या ऑनलाइन पाठलागाला भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू होते. लोक अजून त्याच अधिनियमातील, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांविषयीच्या ६६-एचे नाव घेतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात, सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर देता येते. स्त्रिया व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८, मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा फोनवरून समुपदेशन करते.

तक्रारीनंतर शाळेत पाऊल ठेवण्याचा पहिला दिवस फार जड जातो. त्या दिवशी फाटकापासून वर्गापर्यंत बरोबर चालणारी आणि मधल्या सुट्टीत शेजारी डबा उघडणारी एक मैत्रीण असली, तर मुलगी दुसऱ्या दिवशीही शाळेत येते.