मिसरीने झिजलेले दात आणि दुकानातली पेस्ट

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी पहाटे चूल पेटली की आजी आधी तव्यावर तंबाखू टाकायची. पान काळं पडून कुरकुरीत झालं की वाटीच्या बुडाने चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. घरभर ठसका उठायचा. मग ओट्यावर बसून डाव्या तळहातावर चिमूटभर मिसरी घ्यायची आणि उजव्या हाताच्या बोटाने घासत राहायची, चांगली अर्धा तास. साठीत तिच्या दातांना हिरडीच्या कडेने खाचा पडल्या होत्या. माठातलं गार पाणी तिला सोसत नसे, चुलीवर कोमट करून प्यायची. "दात आंबलेत गं," एवढंच म्हणायची. चिंच नाही, कैरी नाही, तरी बारा महिने दात आंबलेले कसे, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता तालुक्याच्या मेडिकलमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहिलेल्या चार-पाच पेस्टी ओळीने लावलेल्या असतात. कोणती घेऊ, असं विचारलं की महागातली पुढे येते. पण दात कशाने झिजले हे कळल्याशिवाय पेस्ट निवडता येत नाही, आणि आपल्या भागात त्या झिजेचा इतिहास पेस्टीपेक्षा फार जुना आहे.

निंबाची किंवा बाभळीची काडी त्यातल्या त्यात सौम्य, कारण चावून तिचा मऊ कुंचा होतो. खरी झीज झाली ती राखुंडीने, कोळशाने, जाड्या मिठाने आणि विटेच्या भुकटीने. राखुंडी म्हणजे बहुतेक घरी गोवरीची राख. आपली जनावरं ज्वारीचा कडबा खातात. कडब्यात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच घटक. ती शेणातून गोवरीत येते आणि जळून राखेत उरते. गोवरी थापताना लागलेली माती वेगळीच. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापावर दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, साधारण ५ वर येतं आणि वाळूचा कण ७ वर. रोज सकाळी आपण आपल्याहून कठीण वस्तूने दात खरवडत होतो आणि दात पांढरे दिसतात म्हणून समाधानी होतो. इनॅमल एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही.

यात जात्याचीही भर होती. जात्याला टाकी लावून घेतली की पुढची काही दळणं भाकरीला कच लागायची. सुपारीने दात झिजायचे ते वेगळे. बायका दात काळे करायला दातवण लावायच्या, त्यात हिरडा आणि हिराकस असे. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो, जुनी शाईसुद्धा याच मेळातून व्हायची. दात काळे असणं तेव्हा सवाष्णीला शोभायचं. पुढे दातवण मागे पडलं, पण मिसरी राहिली, कारण तिच्यात तंबाखू आहे आणि ती सुटत नाही. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली. चुलीवरच्या तव्याला मात्र कुठला कायदा पोचणार? तोंडाच्या कर्करोगाचा धोका लक्षात घेता मिसरी सोडणं हे कुठल्याही पेस्टीआधीचं काम आहे, हे मी आजीला सांगायला हवं होतं.

विकतची पेस्ट इकडे हळूहळू आली. कोलगेट कंपनी भारतात १९३७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९५२ मध्ये मुंबईत केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली. गावात पेस्टीच्या आधी काळी-लाल मंजनं पोचली, कारण ती स्वस्त आणि बोटाने लावता येणारी. पेस्ट आली तरी हाताचा जोर तोच राहिला. कडक ब्रश घेऊन आडवं खसाखसा घासलं की हिरडी वर सरकते आणि मुळाजवळचा मऊ भाग उघडा पडतो.

दात का शिवशिवतात, याचं उत्तर झ्युरिकच्या आल्फ्रेड गीसी यांनी १९०० मध्ये सुचवलं होतं. इनॅमलच्या खाली डेंटिन नावाचा थर असतो, त्यात केसाहून कितीतरी बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. गार, गोड किंवा आंबट लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ जाते. १९६० च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी प्रयोग करून हे पक्कं केलं. म्हणजे उपाय दोनच: नळ्यांची तोंडं बुजवायची, नाहीतर नस शांत करायची.

सेन्सोडाइन ही पेस्ट १९६१ मध्ये अमेरिकेत आली ती स्ट्रॉन्शियम क्लोराइड घेऊन. १९७४ मध्ये तिथलेच दंतवैद्य मिल्टन होडोश यांनी पोटॅशियम नायट्रेटचा उपयोग मांडला. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा! बंदुकीच्या दारूसाठी बिहारमधून शेकडो वर्षं जहाजं भरून नेला गेलेला. आज अनेक सेन्सिटिव्ह पेस्टींत तो ५ टक्के असतो आणि त्यातलं पोटॅशियम नसेची तक्रार मंदावतं. नळ्या बुजवणारे घटक नंतर वाढत गेले: स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन, आणि कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट. हे शेवटचं लांबलचक नाव म्हणजे अमेरिकेतल्या लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडं सांधण्यासाठी बनवलेली काच.

फ्लोराइडची गोष्ट मात्र आपल्या पाण्याशी जोडलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगते. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडले. जालन्यात मिशनच्या लोकांनी खोल बोअरसाठी मजबूत हातपंप घडवला, तो जालना पंप. त्याच्या पुढच्या सुधारणांतून सोलापूर पंप आणि मग देशभर गेलेला इंडिया मार्क २ आला. त्या पंपांनी माणसं जगवली. पण खडकात खोलवर मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइडही विरघळलेलं असतं. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे, नांदेडच्या पूर्वेकडे ग्रॅनाइट लागतो, त्यातून फ्लोराइड पाण्यात उतरतं, आणि किनवटकडच्या गावांत दातांवर तपकिरी पट्टे असलेली लेकरं दिसतात. प्यायच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की घडत असलेल्या दातांचं कवच कच्चं राहतं, पुढे त्याचे टवके उडतात. ते डाग घासून जात नाहीत. ते जावेत म्हणून आईबाप घासायला राखुंडी देतात आणि कच्चं कवच आणखी जातं.

याचा अर्थ फ्लोराइड वाईट असा कुणी घेऊ नये. पेस्टीतलं फ्लोराइड दाताला वरून लागतं आणि किडीपासून राखतं. भारतीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, आहे आणि हा आकडा ट्यूबवर छापावा लागतो. तो बघून घ्या. बोअरच्या पाण्याच्या गावात पाण्याची तपासणी आधी करून घ्या. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाएवढी, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी पेस्ट द्या आणि ते गिळत नाही ना, हे शेजारी उभं राहून पाहा.

मोठ्यांनी खोक्याची मागची बाजू वाचावी. पोटॅशियम नायट्रेट किंवा वर सांगितलेल्यांपैकी एखादा घटक हवा. 'व्हाइटनिंग' आणि कोळशाच्या पेस्टी शिवशिवणाऱ्या दातांना नकोतच. पेस्ट किती खरवडते याचं आरडीए नावाचं माप आहे, त्याची वरची आंतरराष्ट्रीय मर्यादा २५०. झिजलेल्या दातांना आकडा जितका कमी तितका बरा. बहुतेक खोक्यांवर तो छापलेला नसतो, तेव्हा डॉक्टरांना विचारावं. मऊ ब्रश घ्यावा. चिंच, लिंबू खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश लावू नये, तेव्हा कवच नरम असतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, लोक आठ दिवसांत पेस्ट बदलतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. चार आठवड्यांनंतरही कळ राहिली, किंवा एकाच दातात जाते, रात्री झोपेतून उठवते, तर ती कीड किंवा चीर असू शकते. तिथे पेस्ट चालत नाही. संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवावं.

माझ्या आईने मिसरी सोडली त्याला आता सहा वर्षं झाली. बोटाची सवय तिची गेली नाही. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटावर घेते, हिरडीच्या कडेच्या त्या खाचांवर हलकेच लावते, थुंकते, आणि चूळ न भरता झोपते. या उन्हाळ्यात तिने माठातलं पाणी तांब्याने तसंच प्यायलं.