करारसमाप्तीची तरतूद (सार्वजनिक-खासगी भागीदारी प्रकल्प)

रस्ता, मेट्रो किंवा कचरा प्रक्रिया केंद्र खासगी कंपनीने स्वतः पैसा उभा करून बांधायचे, ठरावीक वर्षे चालवायचे आणि मग सरकारच्या ताब्यात द्यायचे, असा करार होतो. तो मुदतीआधी कोणाला, कशासाठी आणि किती दिवसांची नोटीस देऊन संपवता येईल व संपल्यावर कोणी कोणाला किती रक्कम द्यायची, हे सांगणारी कलमे म्हणजे करारसमाप्तीची तरतूद. महाराष्ट्रात असे प्रकल्प ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ किंवा नुसते ‘बीओटी’ म्हणून ओळखले जातात. बांधकाम खात्याच्या कागदांत खासगी पक्षाला ‘उद्योजक’ आणि टोलला ‘पथकर’ म्हणतात. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

पेठेतला एखादा रस्ता खोदून ठेकेदार निघून गेला, तर महापालिका झालेल्या कामाचे मोजमाप घेते, अनामत जप्त करते आणि पुन्हा निविदा काढते. बीओटीत हे इतके सोपे नसते. झालेल्या कामाचा पैसा मुख्यतः बँकांचा आणि भागधारकांचा असतो, आणि तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या पथकरातून वसूल व्हायचा असतो. करार मध्येच तुटला की रस्ता सरकारला मिळतो, वसुलीचा हक्क उद्योजकाच्या हातून जातो, कर्ज मात्र होते तिथेच राहते. ते कोणी फेडायचे, हा या तरतुदीचा गाभा आहे.

मुदत भरून करार संपणे ही वेगळी गोष्ट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या पथकर वसुलीचा हक्क रस्ते विकास महामंडळाने २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन १५ वर्षांसाठी दिला होता. मुदत २०१९ मध्ये संपली आणि २०२० मध्ये ८,२६२ कोटींना नवा करार झाला. अशा शेवटाला भरपाईचा प्रश्न येत नाही. खरी कसोटी मुदतपूर्व समाप्तीची.

राष्ट्रीय महामार्गांसाठी नियोजन आयोगाने तयार केलेल्या नमुना करारातली पद्धत पुढे अनेक करारांनी उचलली. चूक घडली की आधी ती दुरुस्त करण्याची संधी द्यायची. वेगळी मुदत लिहिलेली नसेल तर ६० दिवस. त्यातही दुरुस्ती झाली नाही, तर करार संपवण्याचा इरादा कळवून उद्योजकाला म्हणणे मांडायला १५ दिवस द्यायचे. त्याच नोटिशीची प्रत कर्ज देणाऱ्या बँकांनाही जाते. जुन्या उद्योजकाच्या जागी दुसरा आणायची त्यांची तयारी असेल, तर सरकारला १८० दिवसांपर्यंत थांबावे लागते. या तरतुदीतला हा सर्वांत शहाणा भाग, कारण त्यात माणूस बदलतो आणि काम चालू राहते.

या नमुना करारात भरपाई दोष कोणाचा यावर ठरते. उद्योजकाची चूक असेल, तर थकीत कर्जाच्या ९० टक्के रक्कम, तीही विम्याचे पैसे वजा करून. आणि रस्ता वापरात येण्याआधीच ही वेळ आली तर काहीच नाही. सरकारची चूक असेल, तर सगळे कर्ज आणि त्यावर भागभांडवलाच्या दीडपट. समजा कर्ज ७०० कोटी आहे, हिशेबात धरायचे भागभांडवल ३०० कोटी आहे आणि विम्यातून काही मिळालेले नाही. पहिल्या बाबतीत ६३० कोटी मिळतील: बँकांचे ७० कोटी बुडतील आणि भागधारकांच्या हाती काही लागणार नाही. दुसऱ्या बाबतीत ७०० अधिक ४५०, म्हणजे ११५० कोटी. रस्ता तोच, खड्डेही तेच. पण दोष कोणाच्या नावावर लागतो, यावर ५२० कोटींचा फरक पडतो. म्हणून नोटीस जवळपास कधीच एकटी येत नाही. एका पक्षाने पाठवली की दुसऱ्याचीही येते, आणि दोन्ही घेऊन प्रकरण लवादापुढे जाते.

एकेका शब्दाचे मोल किती, हे दिल्लीच्या विमानतळ मेट्रोच्या वादात दिसले. उन्नत मार्गाच्या बांधकामातले दोष ९० दिवसांत दूर झाले नाहीत, असे कारण देत उद्योजक कंपनीने ऑक्टोबर २०१२ मध्ये करार संपवला. २०१७ मध्ये लवादाने तिला २,७८२ कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा कायम ठेवला. १० एप्रिल २०२४ रोजी मात्र त्याच न्यायालयाने उपचारात्मक याचिकेवर (म्हणजे अंतिम निकालानंतरही तिथेच दाद मागण्याच्या शेवटच्या मार्गाने) तो रद्द केला. कलमात दोष ‘दूर करणे’ याबरोबरच ते दूर करण्यासाठी ‘परिणामकारक पावले उचलणे’ हाही पर्याय होता. लवादाने त्याकडे आणि मेट्रो सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे न्यायालयाने म्हटले. एका पर्यायी शब्दसमूहाच्या अर्थावरून बारा वर्षे गेली.

पुण्यात या तरतुदीचा विचार हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या संदर्भात करावा लागतो. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाखाली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) हाती घेतलेल्या सुमारे २३ किलोमीटरच्या या मार्गाचा करार ३५ वर्षांचा आहे. करार २०१९ मध्ये झाला, विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० च्या जुलैमध्ये पाडले गेले आणि काम सुरू व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. अशा करारात सरकारचीही कर्तव्ये असतात: जागा मोकळी करून देणे, परवानग्या मिळवून देणे. ती रखडली तर ‘चूक कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर उलटू शकते. जागा पूर्ण हाती नसताना कराराची घाई करणारी यंत्रणा आपल्याच विरुद्धचा पुरावा तयार करत असते.

दोष कोणाचाच नसतो, अशीही परिस्थिती येते. भूकंप-पुरासारखी आपत्ती वर्षभराच्या काळात १८० दिवस टिकली, तर दोघांपैकी कोणीही करार संपवू शकतो आणि भरपाई पुन्हा कर्जाच्या ९० टक्के, विमा वजा जाता. पथकर वसुली सात दिवसांहून अधिक बंद पाडणारे आंदोलन नमुना करारात ‘अप्रत्यक्ष राजकीय घटना’ ठरते. तिथे कर्जासोबत भागभांडवलाच्या ११० टक्के द्यावे लागतात. टोलविरोधी आंदोलनांच्या महाराष्ट्रात हे कलम कागदापुरते राहत नाही. कोल्हापूरचा शहरांतर्गत पथकर दीर्घ जनआंदोलनानंतर २०१५ मध्ये बंद झाला, तेव्हा उद्योजकाला द्यायच्या भरपाईचा भार सरकारी तिजोरीवर आला. पथकर नको, ही लोकांची मागणी रास्तच होती. पण नाका बंद होतो म्हणजे खर्च नाहीसा होतो असे नाही. तो टोलच्या पावतीवरून अंदाजपत्रकात जातो, हेही त्याच वेळी सांगायला हवे होते.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २०१५ मध्ये सार्वजनिक-खासगी भागीदारीचा (पीपीपी) फेरआढावा घेतला. अडचणीतल्या करारांच्या फेरवाटाघाटींना रीतसर वाट हवी, आणि प्रामाणिकपणे घेतलेला चुकलेला निर्णय व भ्रष्टाचार यांत कायद्याने फरक करावा, असे त्या अहवालाने सुचवले. दुसरी सूचना फार महत्त्वाची. चौकशीच्या भीतीने अधिकारी सही टाळतो, साधा तंटा मिटत नाही आणि प्रकरण समाप्तीच्या नोटिशीपर्यंत जाते.

करार संपला की हस्तांतर होते. खेड-शिवापूरसारखा नाका एका रात्रीत दुसऱ्याच्या हाती जायचा असेल, तर बूथच्या किल्ल्या आणि फास्टॅगचा सर्व्हर यांखेरीज पुलांचे प्रत्यक्ष बांधणीप्रमाणेचे नकाशे, डांबरीकरणाच्या नोंदी, रुग्णवाहिका आणि क्रेन, पोटठेकेदारांचे करार हे सगळे यादीनुसार मोजून घ्यावे लागते. नमुना करारात समाप्तीनंतर १२० दिवस निघालेल्या दोषांची जबाबदारी जुन्या उद्योजकावर असते, आणि त्यासाठीची रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या अटींनुसारच पैसे काढता येणाऱ्या बँक खात्यात, अडकवून ठेवता येते. भरपाई मागणी केल्यापासून १५ दिवसांत द्यायची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’हून ३ टक्के जास्त व्याज चढते.