कोंबडीतून देशोदेशी गेलेला साल्मोनेला : पार्श्वभूमी

कोल्हापुरात जुलाब लागले की बरेच जण आधी औषधाच्या दुकानात जातात. सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या मिळतात, बरं वाटतं, विषय मिटतो. शौचाचा नमुना कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, जात नाही, त्यामुळे पोटात नेमका कोणता जंतू होता हे कधी कळत नाही. मला याची फार काळजी वाटते, कारण औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा आजवर लागलेला माग अशा तपासलेल्या नि जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळेच लागला आहे.

अन्नातून पोटात जाऊन जुलाब लावणाऱ्या साल्मोनेला जंतूच्या एका प्रकाराचं, ‘साल्मोनेला केंटकी’चंच बघा. २००२ मध्ये इजिप्तला जाऊन आलेल्या एका फ्रेंच पर्यटकात सिप्रोला न जुमानणारा हा जंतू सापडला. मग इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेतून परतणाऱ्या प्रवाशांत तो वारंवार दिसू लागला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने इतर देशांतल्या प्रयोगशाळांसह जुने-नवे नमुने ताडून पाहिले आणि २०११ मध्ये त्याचा प्रवास मांडला. १९९०च्या दशकात इजिप्तमध्ये या जंतूने अनेक जुन्या औषधांना रोधक असा जनुकांचा अख्खा गठ्ठा मिळवला होता. सिप्रो ज्या प्रथिनांवर घाव घालतं, ती पुढे जनुकांतल्या बदलांनी एकेक करून बदलत गेली. इथिओपिया, मोरोक्को, नायजेरियातल्या कोंबड्यांतही तोच सापडला. युरोपातले काही रुग्ण तर परदेशी गेलेच नव्हते, म्हणजे आयात खाद्यपदार्थांवरही संशय होता.

कोंबड्यांना सिप्रोच्याच कुळातलं एन्रोफ्लॉक्सासिन देतात. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी ते बंद केलं, तेही कॅम्पिलोबॅक्टर या दुसऱ्या जंतूमुळे.

कोलिस्टिनची गोष्ट याहून गंभीर. बाकी औषधं हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद जंतूला देणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये जाहीर झालं. काही आठवड्यांतच डेन्मार्कने आपले जुने नमुने धुंडाळले, तर एका रुग्णात आणि आयात कोंबडीच्या मांसात ते निघालं. चीनमधल्या कोंबड्यांच्या नमुन्यांत तर ते १९८०च्या दशकापर्यंत मागे गेलं. भारताने २०१९च्या जुलैमध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

आपल्याकडच्या रश्श्याला घाबरायचं कारण नाही. हे जंतू औषधाला दाद देत नसले, तरी उकळत्या रश्श्यात मरतात. धोका असतो तो चिकन सेंटरमधल्या ओल्या लाकडी ठोकळ्यावर आणि कच्ची कोंबडी चिरलेल्या सुरीनेच पांढऱ्या रश्श्याबरोबरचा कांदा कापण्यात. त्यातून कुणी आजारी पडला आणि नमुना न देताच बरा झाला, तर तो जंतू कुठून आला हे पॅरिसच्या प्रयोगशाळेलाही सांगता यायचं नाही. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. ताप चढलेला असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यावा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.