अंडाशय-स्थलांतर

ओटीपोटाच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू करण्यापूर्वी तरुण स्त्रीची अंडाशये किरणक्षेत्राबाहेर हलवून ठेवण्याची शस्त्रक्रिया. गर्भाशयमुखाच्या व गुदाशयाच्या कर्करोगात ती प्रामुख्याने केली जाते. चाळिशीनंतर अंडपुटकांचा (अंडी धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचा) साठा मुळातच ओसरलेला असल्याने ती सहसा सुचवली जात नाही.

या शस्त्रक्रियेचे पहिले वर्णन बहुधा मॅकॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये केले. पुढे हॉजकिन विकारात (लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगात) अंडाशये गर्भाशयामागे मध्यरेषेवर टाचून त्यांवर शिशाचे कवच धरण्याची पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली. मध्यरेषेपेक्षा बाजूला व वर नेलेल्या अंडाशयांना कमी मात्रा पोचत असल्याने आज बाजूला व वर नेण्याच्या प्रकाराला पसंती आहे.

किती किरणांनी अंडाशय निकामी होते, याविषयीचे अंदाज बदलत गेले. निम्मी अंडी नष्ट करणारी मात्रा पूर्वी सुमारे ४ ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) मानली जाई. वॉलेस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती २ ग्रेपेक्षाही कमी असल्याचे दाखवले. अंडाशय तत्काळ निकामी करणारी मात्रा वयानुसार घटते : त्यांच्याच २००५ मधील गणितानुसार ती जन्मवेळी २०.३, दहाव्या वर्षी १८.४, विसाव्या वर्षी १६.५ व तिसाव्या वर्षी १४.३ ग्रे आहे. ही गणिती प्रतिमानातून काढलेली मूल्ये असल्याने त्यांना काटेकोर सीमारेषा मानू नये. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिली जाणारी मात्रा साधारणतः ४५ ते ५० ग्रे असते, हे पाहता जागेवर राहिलेले अंडाशय वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. गर्भाशयाशी जोडणारा बंध कापून अंडाशय त्याच्या रक्तवाहिन्यांच्या देठासह सोडवतात, मोठ्या आतड्याच्या बाहेरील बाजूस वर नेऊन टाचतात आणि किरणोपचाराची आखणी करताना क्ष-किरण चित्रात दिसावे म्हणून त्याला धातूच्या चिमट्या लावतात. देठ पिळला किंवा ताणला गेला, तर रक्तपुरवठा तुटून वाचवायचे अंडाशयच गमावते. नितंबास्थीच्या वरच्या कडेपासून १.५ सेंमी. हून अधिक उंची लाभदायक ठरल्याचे आढळले आहे. अंडाशय पुन्हा खाली सरकू शकत असल्याने शस्त्रक्रिया व किरणोपचार यांत फार अंतर ठेवू नये.

चोवीस अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात बाह्य किरणोपचार घेतलेल्या सुमारे ६५ टक्के स्त्रियांत अंडाशयाचे कार्य टिकले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. विखुरलेले किरण व रक्तपुरवठ्यातील बिघाड ही अपयशाची मुख्य कारणे होत. कार्य टिकल्यास अकाली रजोनिवृत्ती आणि तिच्यामागून येणारी हाडांची झीज टळते. अंडाशयात कर्करोग पसरण्याची शक्यता गर्भाशयमुखाच्या सपाट पेशींच्या कर्करोगात अत्यल्प, ग्रंथिल प्रकारात अधिक असते. म्हणून रुग्णांची निवड सावधपणे करावी लागते.

अंडाशय वाचले म्हणजे गर्भधारणा शक्य झाली, असा समज रुग्णांत आढळतो आणि तो वेळीच दूर करायला हवा : गर्भाशय किरणक्षेत्रातच राहते. त्यामुळे अपत्य हवे असल्यास अंडी काढून सरोगसीचा मार्ग बहुधा घ्यावा लागतो. अंडी, भ्रूण वा अंडाशय-ऊती गोठवून ठेवणे हे पूरक उपाय आहेत. गोठवलेल्या ऊतीच्या पुनर्रोपणानंतरचा पहिला जन्म २००४ मध्ये बेल्जियममध्ये नोंदवला गेला. रसायनोपचारात अंडाशयांच्या रक्षणासाठी कधी वापरली जाणारी संप्रेरक-इंजेक्शने किरणांपासून संरक्षण देत नाहीत. गर्भाशयासह अंडाशये तात्पुरती वरच्या पोटात हलवून उपचारानंतर पुन्हा जागी बसवण्याची शस्त्रक्रिया २०१७ मध्ये ब्राझीलमधून प्रसिद्ध झाली.