पायाचा अंदाज

बसल्या जागी वाकून स्वतःचा घोटा दोन्ही हातांनी चाचपून बघा. दोन बाजूंना दोन उंचवटे लागतील. बाहेरचा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो, जरासा मागेही. म्हणजे बाहेरच्या बाजूचा अडसर लांब, आतल्या बाजूचा आखूड, त्यामुळे तळवा आत वळायला मोकळीक जास्त. शिवाय हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, म्हणजे अस्थिबंध, आतल्या बाजूला जाडजूड आहेत आणि बाहेरचे तीन त्या मानाने किरकोळ. म्हणून घोटा मुरगळला की बहुतेक वेळा बाहेरची बाजूच टम्म सुजते.

आणखी एक गंमत आहे. या दोन उंचवट्यांच्या खाचेत पावलाचं सगळ्यात वरचं हाड बसतं. ते पुढे रुंद, मागे अरुंद आहे, आणि त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. टाच जमिनीवर असते तेव्हा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. आता आठवा, पाय कधी मुरगळतो? पुलाच्या जिन्याची शेवटची पायरी उतरताना, गाडी थांबायच्या आत प्लॅटफॉर्मवर उडी टाकताना (टाकू नयेच, पण मुंबईत हे कोणाला सांगायचं), उंच झेल घेऊन खाली येताना. प्रत्येक वेळी चवडा आधी टेकतो आणि सांधा सैल असतो. त्यात खाली उखडलेला पेव्हर ब्लॉक असला की काम झालंच. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग तर भर पावसाळ्यातल्या क्रिकेटसाठीच ओळखली जाते. आझाद मैदानाच्या चिखलात धाव घेणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

'पायाचा अंदाज चुकला' असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्यात मज्जातंतूंची बारीक टोकं असतात आणि पाऊल कुठे, किती कललंय याची खबर ती मेंदूला सतत देत राहतात. पट्टा ताणला किंवा फाटला की ही खबरही बिघडते. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, माणूस 'बरा झालो' म्हणून मैदानात जातो आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. घोटा वळायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तेवढ्या वेळात पोटरीच्या बाहेरचे स्नायू जागे होऊन पाऊल सावरतील, ही आशा फोल आहे. सावरायची तयारी पाय टेकण्याआधीच व्हावी लागते, आणि त्यासाठी अंदाज शाबूत हवा.

आपल्याकडे मात्र सगळा जीव लेपावर. आंबेहळद लावा, हरकत नाही. पण पाय ओढून 'बसवून' देणाऱ्यांपासून लांब राहा. हाड मोडलेलं असेल तर तो उपाय महागात पडतो. मोडलंय की नाही याचा अंदाज घ्यायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम मांडले. त्याच पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर कळ येत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या कडेला घोट्याच्या पुढ्यातल्या हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा.

बर्फाचं म्हणाल तर दुखणं कमी करण्यापुरता ठीक. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं होणं लांबू शकतं. हाड शाबूत असेल तर सोसेल तितकं लवकर चालायला लागावं.

खरा उपाय मात्र फुकटचा आहे, बहुधा म्हणूनच कोणी करत नाही. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. तीस सेकंद जमलं की डोळे मिटून. मग दुमडलेल्या चादरीवर, नंतर एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू टाकत आणि झेलत. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून अशा तोलाच्या सरावाचा उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जुनी दुखापत असेल तर खेळताना पट्टी किंवा ब्रेस बांधण्याचाही होतो. कबड्डीपटू मॅटवर उतरण्याआधी घोटे गुंडाळतात ते उगाच नाही. चढाई करणाऱ्याचा घोटा धरायला समोरची माणसं टपलेलीच असतात.

मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी बूट काढून डोळे मिटून पाहिलं. उजव्या पायावर तीस सेकंद सहज उभा राहिलो. डावा बाराव्या सेकंदालाच लटपटला. तो मुरगळला होता आठ वर्षांपूर्वी, आणि सूज उतरली होती दहा दिवसांत.