व्हिसा फ्रान्सचा, मग रोमला उतरता येतं का?

येतं. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा. ‘ज्या देशाने शेंगेन व्हिसा दिला, तिथेच आधी उतरावं लागतं’ हा समज इतका पक्का आहे की लोक सोयीचं विमान सोडून वळसा घालतात.

नियम अर्जाचा आहे, उतरण्याचा नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा. गैरसमज बहुधा या पोटनियमातून आलाय. रोममध्ये 2 रात्री, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला 3, पॅरिसला 4 असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे करा आणि खुशाल रोमला उतरा.

मात्र रोमच्या इमिग्रेशन काउंटरवर पुढचा बेत विचारला जाऊ शकतो. पॅरिसच्या हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि प्रवासविमा छापून हातातल्या बॅगेतच ठेवा. व्हिसा लवकर मिळतो म्हणून एका देशाचं बुकिंग दाखवायचं आणि नंतर ते रद्द करून दुसरीकडेच राहायचं, हे अजिबात करू नका. अशाने व्हिसा रद्द होऊ शकतो.

खरी गफलत पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टिकर नीट न वाचल्याने होते. प्रवेशाच्या रकान्यात ‘01’, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल आणि मध्येच लंडनला गेलात, तर परत पॅरिसला येता येणार नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसाही वेगळा. शिवाय मुक्कामाचे दिवस मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. रात्री 11 ला उतरलात तरी तो पूर्ण दिवस. म्हणजे वरच्या 9 रात्रींना 10 दिवस लागतात.