किल्लारीच्या भिंती का उघडल्या?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावं गाढ झोपली होती. भूकंप ६.२ तीव्रतेचा. चिली किंवा जपानमध्ये एवढ्या धक्क्यात सहसा फारशी माणसं दगावत नाहीत. इथे जवळपास आठ हजार गेली. केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, हे एक कारण. पण माणसं मेली ती घरांखाली.

त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, काळ्या दगडाच्या. पाहणाऱ्याला वाटावं, गढीच! प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधल्या पोकळीत कपच्या, दगडगोटे, माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा दगड जवळजवळ नाहीच. जमीन हादरू लागली की मधला भराव खाली बसतो, पाचर ठोकल्यासारखा दोन्ही थरांना बाहेर रेटतो. चिखलाच्या सांध्यात धरून ठेवण्याची ताकद ती किती? त्यातून पावसाळा नुकताच सरत आलेला, सांधे ओलसर. बाहेरचा थर आधी ढासळतो.

वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेलं सपाट छत. मराठवाड्याच्या उन्हाला याच्याइतकं चांगलं उत्तर क्वचितच असेल, हे मान्यच करायला हवं. पण गळू नये म्हणून लोक दर वर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देत गेले. दहा बाय दहाची खोली आणि दीड फूट माती धरली, तर डोक्यावरचा भार सहा टनांच्या वर जातो. वजन जितकं जास्त, तितकी धक्क्यात आडवी ओढही जास्त. कित्येक ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

उपाय काय, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. १९९३ मध्येच भारतीय मानक ब्यूरोने अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्या भिंतीत दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने आरपार दगड. दारं-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतील. जुन्या भिंतीत तर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचं, आकड्यासारखी वाकवलेली सळी घालायची आणि काँक्रीट भरायचं. असं साधारण मीटरभर अंतराने. रूरकीच्या भूकंप अभियांत्रिकी विभागात रुळांवरच्या वॅगनवर दगडी घरं बांधून त्या वॅगनला दुसऱ्या वॅगनची धडक देत चाचण्या झाल्या. बंधनं घातलेली घरं साध्या घरांपेक्षा कितीतरी जास्त धक्के सोसून उभी राहिली.

अडचण विज्ञानात नव्हतीच. किल्लारीनंतर दगड बदनाम झाला. लोकांना काँक्रीट हवं होतं, नाहीतर पत्रा. ज्या दगडाखाली घरातली माणसं गेली, त्याच दगडात पुन्हा झोपा, असं सांगायला तोंड कुणाला होतं? ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. उरलेल्या शेकडो गावांत मात्र घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारी मदत कशी मिळते, पट्टा कुठे यायला हवा, हे त्या घरोघरी समजावून सांगू लागल्या आणि कामावरही लक्ष ठेवू लागल्या. माझ्या मते या पुनर्वसनातला सगळ्यात मोलाचा प्रयोग तो हाच. कारण आरपार दगड टाकला की नाही, हे भिंत पुरी झाल्यावर कुणालाच कळत नाही. ते बांधतानाच पाहावं लागतं.

सव्वासात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ला, कच्छ हादरलं. भूकंप कितीतरी मोठा, पण दगडी घरं पडण्याची तऱ्हा बरीचशी हीच.

जुन्या दगडी घरात राहणाऱ्यांनी भिंतीवर उजेड तिरपा पाडून पाहावं. कुठे फुगवटा दिसला, तर आतला आणि बाहेरचा थर तिथे एकमेकांपासून सुटलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसती सळी घालून भागत नाही. छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवावा लागतो, आणि पुन्हा रचताना आरपार दगड घालावे लागतात.